फळ्याशी बोलणारी शाळा

मुख्याध्यापकांना अधूनमधून प्रशिक्षणाला बोलावतात. मोठ्या हॉलमध्ये आधी सत्कार, मग चहा, मग भाषण, मग जेवण आणि जेवणानंतर ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी गटचर्चा. अशाच एका प्रशिक्षणात आम्हाला रंगीत कार्डं वाटली. तुमच्या शाळेत नाना तऱ्हेची मुलं आहेत, कोणाची घरची भाषा निराळी, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला अक्षर लागत नाही. तर या सगळ्यांसाठी शाळेचं नेतृत्व म्हणून तुमची प्राधान्यं काय, ते कार्डावर लिहा आणि भिंतीला लावा, असं सांगितलं. माझ्या उजवीकडच्या मुख्याध्यापकांनी वळणदार अक्षरात 'समतेच्या वातावरणाची निर्मिती' असं लिहिलं. डावीकडच्या बाईंनी 'प्रत्येक मूल वेगळे, प्रत्येक मूल मोलाचे' लिहून खाली एक फूल काढलं. मी लिहिलं, 'फळ्याकडे तोंड करून बोलू नये.'

प्रशिक्षकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, ही तर सूचना झाली. प्राधान्य म्हणजे जरा व्यापक पाहिजे." हॉल हसला. मीही हसले, पण माझी जीभ काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, "सर, व्यापक ते सगळं आमच्याकडे झालं. एवढंच राहिलं." त्यांनी मान हलवली आणि पुढचं कार्ड हातात घेतलं.

हे वाक्य मी कुठून आणलं, ते सांगते.

माझी शाळा नागपुरात जरीपटक्याच्या बाजाराला लागून आहे. मराठी माध्यमाची, अनुदानित, दुमजली. बाजारातल्या दुकानदारांची मुलं केव्हाच इंग्रजी शाळांत गेली. आमच्याकडे उरली ती त्यांच्या दुकानांत माल उतरवणाऱ्यांची, त्यांच्या घरी पोळ्या लाटणाऱ्यांची आणि खेड्यांतून मामा-मावशीकडे शिकायला ठेवलेली. एका बाकावर हिंदी, दुसऱ्यावर छत्तीसगढी, तिसऱ्यावर आमची नागपुरी. पुस्तकातली मराठी घरी कोणीच बोलत नाही. मीही बोलत नाही, पगारापुरती बोलते. पण या सगळ्या मुलांना आवाज तरी ऐकू येतो. कान देऊन बसलं की थोडंफार पदरात पडतं.

एका जूनमध्ये नरखेड तालुक्यातला एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन ऑफिसात आला. संत्र्या-मोसंबीची बाग, खाऊनपिऊन सुखी घर, धुतलेला पांढरा शर्ट. मुलगी सहावीची. तिच्या दोन्ही कानांमागे मशीन होतं. "मॅडम, हिले आवाज येते, पन शब्द समजत नाही," तो म्हणाला. "तोंड पाहिलं का मंग बरोबर समजते. पोरगी हुशार आहे. गावच्या शाळेत नुसती बसून राह्यत होती. इथं हिची मावशी आहे. हिले समजून राहिलं, त दहावीपर्यंत ठेवतो. नाही समजलं, त शहरात ठेवून काय करायचं? घरी घेऊन जातो, मायबरोबर काम शिकन."

म्हणजे करार सरळ होता. मुलीला वर्गात समजलं तर शिक्षण, नाही तर घर. मी मुलीकडे पाहून विचारलं, "काय शिकायचं आहे तुला?" बसच्या कंडक्टरला गावाचं नाव सांगावं तसं ती खणखणीत म्हणाली, "दहावी!" शब्दाच्या कडा जरा घासलेल्या होत्या, पण शब्द पूर्ण होता. मी तिथेच नाव घातलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. ही एक मुलगी आपण दहावीपार नेऊ, असं मनात आलं.

त्या काळात एक फिरती विशेष शिक्षिका आमच्याकडे यायची. तिच्याकडे अशा बऱ्याच शाळा होत्या आणि ती स्कूटीवरून त्या पालथ्या घालायची. नागपूरच्या उन्हात सगळ्या पोरी बांधतात तसा तिच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेला असायचा. फाटकातून आत आली आणि ती मुलगी समोर दिसली, की ही आधी स्कार्फ सोडायची आणि मगच हाक मारायची. स्टाफरूममध्ये तिनं सगळ्यांना बसवून समजावलं. मुलीला पहिल्या बाकावर बसवा, खिडकीचा उजेड शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या. फळ्यावर आधी लिहा, मग वळा, मग बोला. लिहिताना बोलू नका. बस, एवढंच. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, वरून परवानगी लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक बाई तर म्हणाल्या, किती सोपं आहे हो!

सोपं आहे खरंच. म्हणूनच ते कोणाच्यानं झालं नाही.

मी व्हरांड्यातून फिरायची तेव्हा खिडकीतून पाठी दिसायच्या. इतिहासाच्या बाईंची पाठ, विज्ञानाच्या सरांची पाठ, गणिताच्या सरांची पाठ. खडूबरोबर तोंड चालायचं आणि सगळं ज्ञान फळ्याला मिळायचं. आमच्या फळ्याला एवढी वर्षं इतकं शिकवलंय, की तो परीक्षेला बसला तर पहिला येईल. पहिल्या बाकावर ती मुलगी सरांच्या शर्टाकडे पाहत बसायची, मग शेजारणीच्या वहीत बघून उतरवून घ्यायची. "समजलं का?" असं सर वळून विचारायचे तेव्हा त्यांचं तोंड तिला पहिल्यांदा दिसायचं. सगळा वर्ग "हो सर" म्हणायचा. तिचा 'हो' सगळ्यांत मोठा. त्यामुळे स्टाफरूममध्ये तिच्याविषयी मत चांगलं होतं. तिला सगळं समजतं, तुम्ही उगाच काळजी करता, असं मला दोघातिघांनी सांगितलं.

गणिताचे सर वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. शाळा सुटल्यावर थांबून फुकट शिकवणारे, आवाज घंटेसारखा, पोरांवर जीव. मी त्यांच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायला लागले. ते लिहिता लिहिता बोलायला लागले की मी खाकरायची. दोन-चार दिवसांनी ते ऑफिसात आले. "मॅडम, हात चालला का तोंड चालते माह्यं. तोंड बंद केलं त हातच थांबते. जिंदगीभराची सवय आहे, आता कशी जाईन?" कळतं पण वळत नाही, ही म्हण बहुतेक आमच्याच स्टाफरूममध्ये जन्माला आली असावी. मी म्हटलं, "सर, घालवून तर पाहा. त्या पोरीचं दहावीपर्यंतचं सगळं यावर आहे." त्यांनी ते मनावर घेतलं.

साधारण पंधरवडाभर त्यांनी ते केलं. मी पाहत होते ना. ओठ घट्ट मिटून लिहायचे, कपाळावर घाम यायचा, मग खडू खाली ठेवून वळायचे आणि बोलायचे. एक दिवस त्या मुलीनं हात वर केला आणि फळ्यावर त्यांनी घेतलेला हातचा चुकला आहे, असं सांगितलं. खरंच चुकला होता. सर इतके खूश झाले, की मधल्या सुट्टीत ही गोष्ट त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली. त्या दिवशी मी घरी जाताना बाजारातून जिलेबी नेली. अशी बाई आहे मी, एवढ्याशा गोष्टीवर जिलेबी आणणारी.

मग पोरांनी घाण केली, तीही चांगल्या मनानं. सर विसरून फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले, की मुलगी गोंधळते हे तिच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं होतं. एकदा तीच ओरडली, "सर, तोंड!" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी चारपाच जण ओरडले. आठवड्याभरात सबंध वर्ग सुरात "सर, तोंऽऽड!" करायला लागला आणि शेजारच्या वर्गातही ते ऐकू जायला लागलं. पोरांना वाटलं आपण मदत करतोय. सरांचा चेहरा लाल. ते तडक माझ्याकडे आले. "आता पोट्टे मले शिकवनार का मॅडम? इतकी वर्षं इज्जतीनं काढली. मी आपलं जुनंच करतो. जमत नसन, त दुसरा मास्तर पाहा." मी त्यांना समजावलं, मुलांना जाऊन रागावले, म्हटलं असं ओरडू नका, हात वर करा. मुलं इतकी घाबरली, की हातही वर करेनात. वर्गात शांतता झाली आणि सरांची पाठ पुन्हा आमच्याकडे वळली. ये रे माझ्या मागल्या.

त्यांचा राग मला आला, आणि त्यांचं दुःखही कळलं. दोन्ही एकाच वेळी वाटणं फार त्रासदायक असतं. नुसता राग असता तर मी त्यांच्याशी कडाडून भांडले असते.

मुलगी सातवीत गेली आणि शाळेत डिजिटल वर्ग आला. आमच्या संस्थेच्या सचिवांचं इतवारीत कापडाचं ठोक दुकान आहे. उदार माणूस आहे, हात सैल सोडून देतो. त्यांनी प्रोजेक्टर दिला, पडदा दिला, आणि चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्यांना लावायला आपल्या दुकानातला जाड निळा कपडा, अख्खे तागेच्या तागे, स्वतः टेम्पोत घालून आणला. उद्घाटनाला हार, नारळ, पेढे. एकही मूल मागे राहणार नाही, असं सचिव भाषणात म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. बटण दाबायला कोणाला बोलवायचं, तर त्या मुलीला. फोटो काढणारा तिला म्हणाला, "केस जरा मागे घे बेटा, मशीन दिसू दे." तिनं केस कानामागे घेतले. तो फोटो अजून संस्थेच्या ऑफिसात आहे, तिचं हसू त्यात फार गोड आलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून सातवीचं गणित त्या खोलीत सुरू झालं. पडदे ओढले, दिवा घालवला, चित्र सुरू. चित्राबरोबर एका बाईचा आवाज यायचा. आवाज यायचा एका पेटीतून. पेटीला तोंड नसतं. सर बाजूला अंधारात उभे राहून मधूनमधून सांगायचे, तेही दिसायचे नाहीत. शेजारणीची वहीसुद्धा दिसायची नाही. आधी निदान सरांची पाठ तरी दिसत होती, आता तीही गेली.

तरी एक मान्य केलं पाहिजे. बाकीच्या मुलांना त्या खोलीनं फायदा झाला. घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या एका पोराला अपूर्णांक कधीच कळले नव्हते. पडद्यावर पोळीचे तुकडे पाहून त्याला कळले आणि तो बाकावरच उभा राहिला. त्याला खाली बस म्हणायची माझी हिंमत झाली नाही. नेतृत्व वगैरे जे म्हणतात, ते मला तेव्हा समजलं. एकाला अंधार पाहिजे आणि दुसरीला उजेड, खोली एक, आणि किल्ली माझ्याकडे.

एकदा मी तास चालू असताना आत गेले आणि पडदा सर्रकन बाजूला केला. ऊन आत आलं, चित्र पुसल्यासारखं झालं. सगळा वर्ग ओरडला, "मॅडम, दिसून नाही राहिलं!" मी सरांना म्हटलं, थोडा वेळ असू द्या, इकडे उजेडात या आणि तोंडानं सांगा. तेवढ्यात पहिल्या बाकावरून ती मुलगीच हातानं खुणा करायला लागली. पडदा लावा, लावा. तिची मान खाली गेली होती. आपल्यामुळे सगळ्यांचं चित्र गेलं, हे तिला सहन होत नव्हतं. मी पडदा लावला आणि बाहेर आले. जिन्यात उभी राहून रडले, शिपाईबाई येताना दिसली तेव्हा पदरानं चष्मा पुसायला लागले.

विशेष शिक्षिकेला फोन केला. तिच्याकडे आणखी शाळा दिल्या होत्या. ती महिन्यातून एकदा यायला लागली, मग तेही बंद झालं. तिच्या जागी येणारी अजून यायची आहे. त्या फोनवर मात्र ती मला म्हणाली, "मॅडम, चित्र थांबवून, दिवा लावून सांगायला सांगा ना. तास अर्धा-अर्धा करा." मग मी इतवारीला सचिवांच्या दुकानी गेले. बाहेर हातगाड्या एकमेकींत अडकलेल्या, आत पांढऱ्या गादीवर सचिव, सभोवार कापडाचे गठ्ठे. त्यांनी चहा सांगितला, समोसा सांगितला. मी म्हटलं, सातवीचा अर्धा तास उजेडात, अर्धा अंधारात, असा संस्थेचा नियम करा. नियम नसेल तर सर माझं ऐकणार नाहीत.

"मॅडम, एका पोरीसाठी?" ते म्हणाले. आवाजात तिरस्कार नव्हता, नवल होतं. "बाकी पोट्ट्यायचं नुकसान नाही का होनार? अन् अशा मुलांची स्पेशल शाळा राह्यते ना. तिथं टाका. मी स्वतः फोन करून देतो."

"ती बोलते, वाचते, तिला मैत्रीण आहे," मी म्हटलं. "तिला फक्त आपलं तोंड दिसायला पाहिजे."

"मंग एक दिवा लावून घ्या ना सरांच्या डोक्यावर. कोण नाही म्हणते? खर्चा मी देतो."

दिवा लागला. दिव्याचा उजेड पडद्यावर पडायचा, चित्र फिकट व्हायचं, आणि बटण सरांच्या हाताजवळ होतं. सर दिवा घालवायचे. मी आत गेले की लावायचे, बाहेर आले की घालवायचे. मला दिवसभर दुसरी कामं होती. माहिती भरा, फोटो पाठवा, ऑनलाइन हजेरी लावा. त्यात 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केलेल्या विशेष सोयी' असा एक रकाना असतो. आमच्याकडे त्यात लिहायला दिवा होता.

संक्रांतीनंतर तिचा बाप आला. सहामाहीत तिची गणिताची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती, हे मावशीनं त्याला सांगितलं होतं. तो आधी माझ्याकडे आला नाही. डिजिटल वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिला, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग मुलीला घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, "मॅडम, टीसी देऊन टाका."

मी होतं नव्हतं ते सगळं बोलले. वर्ष संपायला थोडेच महिने आहेत. मी स्वतः शाळेनंतर तिला गणित शिकवते, समोर बसून शिकवते. पुढल्या वर्षी मी भांडून उजेडातला वर्ग घेते. नाहीच जमलं तर दुसरी शाळा बघू, नागपुरात आहेत. एवढी हुशार पोरगी घरी बसवू नका, मी तुमच्या पाया पडते. हे शेवटचं मी खरंच म्हटलं. तो गडबडून उभा राहिला. "असं नका बोलू मॅडम. तुमचं सगळं मी पाहिलं. इतकी भारी शाळा, असं मशीन त आमच्या तालुक्यात नाही. इथं इतकं असून समजत नाही, त मंग कुठंच नाही समजनार."

मी बोलत राहिले, तो मान हलवत राहिला. मला दाखला लिहून टेबलावर ठेवावाच लागला. शेवटी त्यानं मुलीच्या खांद्याला हात लावला आणि ती त्याच्याकडे पाहीपर्यंत तो थांबला. मग हळू, एकेक शब्द नीट तोंडात धरून तो तिला म्हणाला, "शाळा चांगली आहे माय. सगळ्यायनं लय केलं तुह्यासाठी. तूच कमी पडली. जाऊ दे, आपन घरी जाऊ."

दीड वर्षात माझ्या शाळेत कोणी तिच्याशी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. तिला ते अक्षर न् अक्षर कळलं. तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं.

मी टेबलाला वळसा घालून खिडकीच्या उजेडात तिच्यासमोर गेले आणि म्हटलं, "ऐक. तू कमी पडली नाहीस. तुझी काही चूक नाही. चूक आमची आहे."

तिनं माझ्या ओठांवरची नजर शेवटपर्यंत हलवली नाही. मला वाटलं, आता नेहमीसारखं 'हो मॅडम' म्हणेल. ती म्हणाली, "चूक माही नाही, त मंग मीच काहून जाऊन राहिली?"

तिच्या बापानंही माझ्याकडे पाहिलं. मॅडमजवळ याचं उत्तर असेल, असं त्यालाही वाटलं असावं. दोघंही थांबले होते. मी तोंड उघडलं. काही येतंय आणि आपल्यालाच दिसत नाहीये, असं वाटून ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिनं टेबलावरचा दाखला स्वतः उचलला, घडी घातली आणि बापाच्या पिशवीत ठेवला.